पिकअप वर उचलताना कमी खर्चात काय बसवलंत? अनुभव लिहा

चिखलवाट
आज पुढे एक पिकअप चालली होती. मागून उचललेली, आणि स्प्रिंगच्या पाट्यांखाली उंची वाढवायचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, सरळ दिसत होते. एकावर एक दोन. पोटात गोळाच आला, कारण माझ्या पहिल्या पिकअपला मी हेच केलं होतं. हातात पैसे जेमतेम, आणि कच्च्या वाटेवर मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासायचा. ब्लॉक सगळ्यात स्वस्त, म्हणून दोन टाकले. भरलेली गाडी चढावर घेतली की पाटे पिळायचे आणि मागून धाडधाड आवाज यायचा. एक दिवस वरचा ब्लॉक सरकला, ॲक्सल तिरका झाला. वेग कमी होता म्हणून निभावलं. मागे एक धड ब्लॉक चालतो, पण थर लावू नका. पुढे पाटे असतील तर तिथे ब्लॉक मुळीच नको, ब्रेकचा सगळा पीळ त्यावर येतो.
तुम्ही काय निवडलंत? काय निस्तरावं लागलं तेही लिहा.

नटबोल्ट
पुढे स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकचा खांब) स्पेसर. 1 इंची चकती टाकली आणि गाडी जवळजवळ 2 इंच वर! स्ट्रट चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर आणि चाक टोकाला, त्यामुळे असं होतं. चकतीची जाडी आणि मिळणारी उंची वेगवेगळी, घेताना नक्की विचारा.

दुपारचीचहा
स्पेसर आमच्याकडेही. चाकांची अलाइनमेंट "नंतर करू" म्हणून राहिली आणि दोन्ही पुढचे टायर एका कडेने खाल्ले गेले. लिफ्ट किटमध्ये (उंची वाढवायचा संच) वाचलेले पैसे टायरमध्ये गेले. घाईत लिहितेय, कुकर लावलाय

जुनागडी
मुळात उचलायचं कशासाठी ते आधी ठरवा. मागे अखंड ॲक्सल असेल तर सस्पेन्शन कितीही उचला, डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गोळा) जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, व्यास 2 इंच वाढला तर 1 इंच. ज्याचा डिफरन्शियल दगडाला लागतोय त्याने किटवर खर्च करून उपयोग नाही. पोट घासत असेल किंवा मोठा टायर बसत नसेल तर किटचा फायदा.
दुसरं, पाटे दबून बसलेत का बघा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजा. माझी गाडी एका बाजूला पाऊण इंच बसली होती. नवे पाटे टाकले आणि लिफ्टचा विचारच सोडला.

चिखलवाट
काका, हे मोजायचं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

एकपाटाजास्त
मागे पाट्यांच्या जुडीत एक जादा पाटा घातला. ब्लॉकपेक्षा महाग, पण आम्ही रोज माल वाहतो त्यामुळे परवडलं. रिकामी गाडी मात्र दणके देते. पाठदुखी असणाऱ्यांनी विचार करा. आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणलेले असतात. काहीशे किलोमीटर झाले की परत आवळा.

रातराणी
विषय थोडा वेगळा. लिफ्टनंतर आईला गाडीत चढता येईना. गुडघे दुखतात. बाजूला पायरी लावली तरी ती संकोचते, म्हणते तुम्ही जा. वाईट वाटतं. घरात मोठी माणसं असतील तर आधी एकदा विटांवर पाय ठेवून उंची दाखवा त्यांना.

दुपारचीचहा
रातराणी ताई, आतून दाराच्या खांबाला हँडल लावा. पायरीपेक्षा हाताचा आधार जास्त लागतो. सासूबाई आता स्वतः चढतात.

रातराणी
हे सुचलंच नव्हतं! उद्याच बघते 🙏

उतारावरचा
टॉर्शन बारवाल्यांनो (पुढे स्प्रिंगऐवजी पिळणारी दांडी), बोल्ट आवळला की फुकटात उंची मिळते, मीही घेतली. पण चाकाला खाली जायला जागाच उरली नाही, खड्ड्यात खाडकन आवाज. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला आणि त्यावरचा रबरी बूट फाटला, ग्रीस सगळीकडे. शेवटी अर्धं खाली आणलं, आता शांत आहे.
याहून महत्त्वाचं, काही पिकअपना मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागे माल भरला की बॉडी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. गाडी उचलली की त्याला कायम रिकामी गाडी वाटते. मग भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी लागतात. दांडीचा ब्रॅकेट बदलून घ्या. माझ्या गॅरेजात कुणी सांगितलं नव्हतं, उताराला घाम फुटला.

नटबोल्ट
ब्रेकचे होजही (रबरी नळ्या) बघा. चाक पूर्ण खाली लोंबत असताना ताणत असतील तर लांब घ्या.

पहिलीगाडी
हेडलाइट राहिले! नाक वर गेलं की उजेड समोरच्याच्या डोळ्यात. स्क्रूने खाली करता येतात, दहा मिनिटांचं काम.

चिखलवाट
व्हॉल्व्हचं वाचून उठलोच. आत्ताच्या गाडीला ती दांडी आहे बहुतेक. टॉर्च घेऊन खाली जातो.

जुनागडी
नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नकोस रे. स्टँड लाव, चाकांना अडण लाव, मग जा.

चिखलवाट
हो काका, लावतो.