तीन वर्षांच्या मुलीला आकार कसे शिकवायचे? सगळ्यालाच गोल म्हणते

राजारामपुरीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी नुकतीच तीन पूर्ण झाली, जूनला नर्सरीत घालायचंय आणि तिथं सांगितलंय की रंग, आकार घरी थोडे करून घ्या. चार्ट आणून भिंतीला लावलाय, रोज बोट ठेवून म्हणून घेते, पण चेंडू गोल, बांगडी गोल आणि खिडकी पण गोलच. भोकातनं ठोकळे आत टाकायचं खेळणं आहे, त्यात ठोकळे बरोबर बसवते, नाव विचारलं की पळून जाते. मोबाईलवर व्हिडिओ लावून द्यायची माझी इच्छा नाही. गोष्टी मात्र कितीही सांगा, एक संपली की दुसरी सांग म्हणून मागं लागते. तर गोष्टीतनं, खेळातनं आकार शिकवता येतात काय? नेमकं काय करायचं ते सांगा की. आणि त्रिकोण काढायला अजिबात जमत नाही, या वयात जमायला पाहिजे काय?

बालवाडीताई
ताई, ठोकळे बरोबर बसवते म्हणजे आकार तिला कळलाय, नाव तेवढं राहिलंय, ते मागनं आलं तरी चालतंय. काळजी चार्टची करा. चार्टवरचा त्रिकोण कायम एकाच तऱ्हेचा, तळ खाली, टोक वर, तिन्ही बाजू सारख्या. पोरं तेवढं चित्र पाठ करतात. मग तोच त्रिकोण उलटा धरला की "हा नव्हे" म्हणतात, लांबडा निमुळता दाखवला तर मानतच नाहीत, आणि चौरस जरा तिरका केला की त्याचा पतंग होतो. हॉलंडमध्ये व्हॅन हील म्हणून शिक्षक नवरा-बायको होते, त्यांनी १९५७ साली हेच मांडलं की आकार आधी नुसत्या दिसण्यावरनं ओळखला जातो, बाजू-कोपरे बघून ओळखणं ही पुढची पायरी. म्हणून आत्ता जेवढे तऱ्हेतऱ्हेचे त्रिकोण हाताखालनं जातील तेवढं बरं, जाडे, बारके, आडवे, उलटे.

आमच्याकडं मुंगीची गोष्ट चालते. जाड पुठ्ठ्याचे मोठे आकार कापायचे, ताटाएवढे. एका कोपऱ्यावर गुळाचा खडा ठेवायचा, ते मुंगीचं घर. मुलीचं बोट म्हणजे मुंगी. मुंगी कडेकडेनं फिरायला निघाली, चालली, चालली, टोक आलं! थांबायचं, टाळी वाजवायची, वळायचं, पुढं चालायचं. घर आलं की तिथंही टाळी. त्रिकोणावर तीन टाळ्या, चौकोनावर चार. मग गोल पुठ्ठा द्यायचा आणि गुळाचा खडा ठेवायचा नाही. मुंगी चालतच राहते, टोकच येत नाही, टाळी वाजवायला मिळत नाही, आणि पोरं इथं एवढी खिदळतात की परत परत तेच मागतात. बोटाला जे कळतं ते चार्ट बघून नाही कळत हो. "त्रिकोण" हा शब्द तुम्ही गोष्टीत आपला बोलत राहायचा, तिच्याकडनं वदवून घ्यायचा नाही.

शाहूपुरीकर
मुंगी भारी आहे, आजच करतो. माझ्या पोराला मी उसाच्या गाडीची गोष्ट सांगतो. एका गाडीवानानं हौसेनं बैलगाडीला चौकोनी चाकं बसवली. गाडी कारखान्याकडं निघाली की धप्प, धप्प, धप्प, धप्प, ऊस रस्त्यावर सांडतोय, बैल म्हणतोय माझी मान गेली. मग गाडीवान चाकाचे कोपरे तासतो. चार कोपरे तासले तर आठ बारके कोपरे झाले, धप्प जरा बारीक झालं. परत तासले, अजून बारीक. तासता तासता चाक गोल झालं आणि गाडी सुळ्ळकन् पळाली. धप्पचा आवाज पोरगाच काढतो आणि दरवेळी आपसूक बारीक करत नेतो, हे मी त्याला शिकवलेलं नाही. नंतर काकडीची चकती आणि बटाट्याचा चौकोनी काप, दोन्ही तिरक्या ताटावरनं सोडायचं, कोण पळतंय बघायचं.

बाहेर फिरताना पण सापडतं. आमच्या तालमीतला मातीचा हौद चौकोनी आणि शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान गोल. पोरानं विचारलं गोल का, म्हटलं कुठंही बस, कुस्ती दिसणारच. तेव्हापासनं प्रत्येक गोष्टीला "ही गोल का" सुरू आहे, मॅनहोलचं झाकण, विहीर, घंगाळ, सगळं.

मंगळवारपेठ_आजी
अगं बाळ, स्वयंपाकघर सोडून कुठं जातेस? पिठाचा गोळा दे तिच्या हातात. वाटी पालथी दाबली की गोल निघतो, उलथन्याच्या कडेनं कापलं की शंकरपाळी. घडीची चपाती करतेस त्यावेळी तिला जवळ घे. गोल लाटली, एक घडी घातली, करंजीसारखी झाली. परत घडी घातली, आता तीन टोकं आली. विचार तिला, हा त्रिकोण काय? दोन कडा सरळ आहेत, एक कड वाकडी आहे, बोट फिरवून बघू दे, काय म्हणेल ते म्हणू दे. माझी नात म्हणाली, "त्रिकोणाचं पोट सुटलंय." बरोबरच आहे की.

मी बालवाडी चालवलेली आहे, विकत आणायची काही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढं कोसबाडला गेल्या, आणि आजूबाजूला मिळेल त्यातनंच साधनं केली, बिया, पानं, खडे. फक्त चिंचोके, मणी, नाणी असलं बारीक काही या वयात तिच्या हातात एकटीला द्यायचं नाही, पटकन तोंडात जातं.

अजून एक. किंडरगार्टन सुरू करणारा जर्मनीचा फ्रोबेल मुलांना लाकडी चेंडू, घन आणि दंडगोल दोऱ्याला टांगून द्यायचा. चौकोनी ठोकळ्याच्या वरच्या बाजूला मधोमध दोरा चिकटव, पीळ दे आणि सोड. गरागरा फिरताना कोपरे दिसेनासे होतात आणि डब्यासारखा गोल दिसायला लागतो. थांबला की परत चौकोनी. मोठी माणसं पण बघत बसतात.

राजारामपुरीची_आई
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. चपाती तर रोजचीच आहे, डोक्यातच आलं नव्हतं. आज पुठ्ठा कापून मुंगी केली, नाव अजून एक घेत नाही पण टाळ्या बरोबर वाजवते. त्रिकोण काढायचं तेवढं कुणीतरी सांगा, ती नुसत्या गोल-गोल रेघा ओढते.

बालवाडीताई
तीन वर्षांला गोल बघून काढता आला तरी पुष्कळ झालं. चौकोन साधारण चारच्या पुढं आणि त्रिकोण पाचच्या आसपास जमतो, कारण तिरकी रेघ ओढणं हाताला अवघड जातं. तोवर पेन्सिल धरून हात गिरवू नका. रांगोळी पसरलेल्या ताटात बोटानं काय ओढायचं ते ओढू दे, नाहीतर झाडूच्या काड्या मांडून त्रिकोण करू दे, तीन काड्यांची टोकं जुळवताना ती स्वतःच खटपट करते. आणि नर्सरीत विचारलं तर सरळ सांगा, तोंडी विचारू नका, ठोकळे हातात देऊन बघा.