थांबा जवळ आहे, तरी वस्ती तुटलेली कशी?

पायवाट: शहराच्या कडेच्या गरीब वस्तीतली बससेवा तपासतेय. नकाशावर बहुतेक घरं थांब्यापासून ४०० मीटरच्या आत आहेत. तरी नोकरी, दवाखाना, कॉलेज लोकांच्या आवाक्याबाहेरच. मोजायचं नेमकं काय?

वेळापत्रक: आधी ते ४०० मीटर तपासा. नकाशावर वर्तुळ काढून मोजले असतील तर फसगत ठरलेली. मध्ये नाला किंवा रेल्वेचे रूळ आले की तीच वाट दुप्पट होते. पायवाटेनेच मोजा.

मग दारापासून दारापर्यंतचा वेळ: चालणं, थांबणं, गाडीतला प्रवास, मध्ये बस बदलणं. तासाला तीन बस असतील आणि त्या ठरल्या वेळी आल्या, तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. पण दोन बस जोडीने आल्या आणि पुढची ४० मिनिटं काहीच नाही, असं चाललं तर सरासरी २० मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, कागदावर सगळं ठीक!

शेवटी ६० मिनिटांत किती नोकऱ्या आणि दवाखाने गाठता येतात ते काढा. फक्त सकाळी नऊचं नको. पहाटे पाच, रात्री दहा आणि रविवारचंही काढा. सफाई, पहारा, रुग्णालयातली कामं पाळ्यांची असतात. पाळी दहाला सुटते आणि शेवटची बस साडेनऊची, तर ती नोकरी त्या वस्तीसाठी नाहीच.

सुटे_पैसे: वरच्या हिशोबात भाडं राहिलं. बस बदलताना नवं तिकीट लागत असेल, तर दूर राहणाराच जास्त भरतो. मासिक पास स्वस्त पडतो खरा, पण रोजंदारीवाल्याकडे एकरकमी पैसे नसतात. तो रोज सुटं तिकीट काढतो आणि महिनाअखेर पासपेक्षा जास्त खर्च करतो. ९० मिनिटं चालणारं एकच तिकीट द्यावं. शिवाय कार्डावर महिन्याची कमाल मर्यादा ठेवावी: सुट्या तिकिटांची बेरीज पासाइतकी झाली की पुढचा प्रवास फुकट.

पायवाट: बसमधल्या प्रवाशांना विचारून सर्वेक्षण पुरेल?

वेळापत्रक: नाही. न झालेली फेरी बसमध्ये सापडत नाही. ब्रिटनमधल्या सामाजिक वंचिततेवरच्या सरकारी कक्षाच्या २००३ च्या अहवालात, काम शोधणाऱ्या दर ५ पैकी २ जणांनी वाहतुकीची अडचण सांगितली होती. असे लोक घरी जाऊनच भेटतात. ‘गेल्या महिन्यात कुठे जायचं राहून गेलं, आणि का?’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगळा विचारा. मुलाला शाळेत सोडून, काम उरकून, बाजार करून परतणाऱ्या बाईच्या दुपारच्या छोट्या फेऱ्या घरातला पुरुष सहसा मोजत नाही.