प्रोग्रामिंगच्या नवशिक्यांना क्लास-ऑब्जेक्ट (क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारा साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून बनलेली वस्तू) पहिल्याच महिन्यात शिकवावं का?

बर्डीकर: माझं मत: नको. आधी फंक्शन (नाव दिलेला, पुन्हा वापरता येणारा कोड), लिस्ट (क्रमाने ठेवलेली यादी), डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या). नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या लिलावाची नोंद मुलांना तीन वेगळ्या लिस्टमध्ये ठेवायला लावा: शेतकरी, वजन, भाव. मग फक्त भावाची लिस्ट सॉर्ट करायला, म्हणजे चढत्या क्रमाने लावायला सांगा. एकाचा भाव दुसऱ्याच्या नावावर जातो. हा घोळ डोळ्यांनी दिसला की एका मालाची माहिती एकत्र हवी, हे मुलंच सांगतात. त्याआधी दिलेली क्लासची व्याख्या नुसती पाठ होते.

मानेवाडा_कोड: सर, एवढ्यासाठी डिक्शनरी पुरते की! आणि पायथॉनमध्ये मुलं पहिल्या आठवड्यातच लिस्टला डॉट अपेंड लावून नवी नोंद जोडतात, म्हणजे ऑब्जेक्ट वापरतातच. मग लपवायचं कशाला? तयार क्लास हातात द्या. दोन ऑब्जेक्ट बनवून एकाचं वजन बदलू द्या. दुसरं तसंच राहतं. मग 'ब = अ' लिहून ब चं वजन बदला; अ चंही बदलतं. फळ्यावर एक चौकट, तिच्याकडे जाणारे दोन बाण: ऑब्जेक्ट एकच, नावं दोन. हे लवकर कळलं नाही तर पुढे वर्षभर नडतं.

बर्डीकर: डिक्शनरी पुरत नाही. 'वजन'च्या जागी 'वझन' लिहून आकडा भरला तर गुपचूप नवी 'की' (जोडीतलं नाव) तयार होते. उणे वजनही चालतं. क्लासची खरी गरज इथे आहे.

मानेवाडा_कोड: पायथॉनचा साधा क्लासही 'वझन' गुपचूप स्वीकारतो, ते अडवायला स्लॉट्स (चालणाऱ्या नावांची ठरवून दिलेली यादी) लागतात. उणे वजन नाकारणारी मेथड (क्लासमधलं फंक्शन), हा मुद्दा मात्र पटला.

महाल_जावा: भाऊ, खरा गोंधळ इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवणं) घाईने शिकवल्यामुळे होतो. संत्रा आणि मोसंबी असे दोन सबक्लास (मूळ क्लासवरून बनवलेले क्लास) करायला लावतात, फरक फक्त नावाचा! तिथे 'फळ' हे एक फील्ड (माहितीचा रकाना) पुरे. आणखी एक: 'पेट्या = []' ही ओळ थेट क्लासच्या अंगात लिहिली की एकच लिस्ट सगळ्या ऑब्जेक्टना मिळते, आणि एकाच्या पेट्या सगळ्यांकडे दिसतात. ती इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड), सेल्फला (तो ऑब्जेक्ट स्वतः, जो पायथॉन मेथडला आपोआप पाठवतो) जोडूनच हवी.

बर्डीकर: हेच म्हणतोय ना! मेथड लिहिताना सेल्फ विसरला की एक आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) जास्त आल्याचा एरर येतो. कंसात तर काहीच दिलं नाही, मग जास्तीचं आलं कुठून? पॅरामीटर (ती किंमत घेणारं नाव) आणि आर्ग्युमेंट पक्के नसलेल्या मुलाला हे उलगडत नाही. म्हणून फंक्शनला तीन आठवडे द्याच.