मदत हवी आहे: ५५ इंची टीव्ही, चढणारी लेक आणि मागे पोकळ पॅनेल, टीव्ही बांधायचा कसा?

नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय कारण परवा जे झालं त्यानंतर लेकीला हॉलमध्ये मिनिटभर एकटं सोडायचा धीर होत नाहीये.

आमचा टीव्ही ५५ इंची, स्टँडसकट १६ किलो, भिंतीवर नाही तर लाकडी युनिटवर दोन पायांवर उभा असतो. लेक २२ महिन्यांची, वजन ११ किलो. परवा मी बाजूलाच वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते, तिने युनिटचा खालचा ड्रॉवर ओढला, त्यात दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि टीव्हीच्या कडेला धरून वर हात करायला लागली, कारण तिचा कापडी ससा तिच्या हाताला लागू नये म्हणून आम्हीच टीव्हीमागे ठेवला होता. सेटटॉप बॉक्स घसरल्याचा खर्र आवाज आला म्हणून मान वर केली तर टीव्ही पुढे कललेला!! कशी उठले आठवत नाही, एका हाताने टीव्ही मागे रेटला आणि दुसऱ्या हाताने तिला ओढून घेतलं. तिला खरचटलंसुद्धा नाही, ती हसत होती, मीच नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिची पाच बोटं आणि मध्ये माझा पंजा, ते ठसे अजून पुसायला हात झाला नाहीये माझा.

आता अडचण अशी की घर भाड्याचं आहे. मालक म्हणतात एकदोन बारीक भोकं पाडा पण ब्रॅकेटसाठी मोठं ड्रिलिंग नको. त्यात टीव्हीमागे भिंतीवर प्लायचं पॅनेल आहे, टकटक केलं तर पोकळ वाजतं, कडेने टेपने मोजलं तर प्लाय ९ मिमी आणि मागे साधारण इंचभर फट, मग प्लॅस्टर नि वीट. टीव्हीला मागे ब्रॅकेटसाठी चार भोकं आहेत, अंतर २०० बाय २०० मिमी.

नायलॉनचे पट्टे मिळतात, एक टोक टीव्हीच्या भोकात नि एक भिंतीत, ते खरंच १६ किलोला पुरतात का? स्क्रू नुसत्या प्लायमध्ये मारला तर धरेल? आणि पायाखाली चिकटणारे जेल पॅड लावलेत तेवढ्यावर काही दिवस काढता येतील का? ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी काय केलंय ते प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, लेक सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. मी फिटिंगची कामं करतो म्हणून सांगतो, आधी तो ससा आणि रिमोट, खेळणी जे काय वर असेल ते आजच खाली काढा, पोरं त्यासाठीच चढतात.

पट्टे चालतील. टीव्हीला वरच्या दोन भोकांतच लावा, कारण ओढ वरून बसते. ढिले ठेवू नका, पट्टा दोन इंच ढिला म्हणजे टीव्ही दोन इंच पुढे येऊन मगच झटका बसणार. टीव्हीच्या भोकात स्क्रू त्याच्याच पुस्तिकेत दिलेल्या मापाचा घ्या, लांब झाला तर टीव्हीच्या आत स्क्रीनला लागतो. जेल पॅड सरकणं थांबवतात, कलणं नाही, त्यांच्या भरवशावर एक दिवसही राहू नका.

नुसत्या प्लायवर अजिबात नको. ९ मिमी प्लाय, इंचभर फट, १५ मिमी प्लॅस्टर आणि विटेत किमान दोन इंच, म्हणजे १०० मिमी इथेच झाले, तेव्हा १२० मिमीचा लांब फ्रेम फास्टनर घ्या, ज्याचा प्लास्टिकचा प्लगच प्लायमधून थेट विटेत जातो. ड्रिल करताना भुकटी बघा. लाल आली तर वीट. पांढरट करडी आली आणि ड्रिल लोण्यात घुसल्यासारखं गेलं तर हलके ब्लॉक आहेत, त्यात साधा प्लग सैल पडतो, ब्लॉकसाठीचा वेगळा मिळतो तो घ्या. आणि जवळच्या स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथूनच वायर जाते.

पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. तुम्ही लिहिलंय सेटटॉप बॉक्स घसरला. नुसता टीव्ही कलला असता तर बॉक्स का घसरेल? मला वाटतं तुमचं अख्खं युनिटच पुढे आलं होतं. टीव्ही बांधलात आणि युनिट मोकळं राहिलं तर ते पोरीच्या अंगावर येईल. रिकामा ड्रॉवर पूर्ण ओढून हाताने दाबून बघा एकदा, पोरीला लांब ठेवून.

धागाकर्ती

दादा, बघितलं. टीव्ही आणि बॉक्स आधी खाली उतरवून घेतले, खालचा ड्रॉवर बाहेर ओढून त्यावर हात टेकून जोर दिला तर युनिटचे मागचे पाय फरशीवरून सुटले, खाली माझं बोट जाईल एवढे. आम्ही दोन दिवस नुसता टीव्हीचाच विचार करत होतो, हे डोक्यातही आलं नव्हतं हो!

मालकांना फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं, ते लगेच चार भोकांना तयार झाले, त्यामुळे आता दोन पट्ट्यांसाठी आणि दोन युनिटला मागून एल अँगल (एल आकाराची धातूची पट्टी) लावायला. उद्या काम होईल. तोवर टीव्ही बेडरूममध्ये जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलाय, दाराला वरून कडी. ड्रॉवर दोन्ही काढून ठेवलेत. फक्त एक विचारायचं राहिलं, एल अँगल युनिटच्या मागच्या पातळ बोर्डाला लावायचा की वरच्या फळीला? मागचं पातळ बोर्ड तर नखाने दाबलं तरी दबतंय.

प्रतिसाद

वरच्या जाड फळीला, खालच्या बाजूने. मागच्या बोर्डाला काहीही लावू नका, ते खिळ्यांसकट उपटून येतं.