मदत हवी आहे: गोलाईवर मागून दोऱ्याचे फास पडतात

घरच्या साध्या मशीनवर डबल बेडची गोधडी क्विल्ट करतेय, म्हणजे तिचे थर एकत्र शिवतेय. वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय) लावून सरळ रेघा सुरेख येतात. पण कापड सरकवणारे मशीनचे दात खाली करून फ्री-मोशनने, म्हणजे कापड हातानेच फिरवत, वेल काढायला घेतली, की प्रत्येक वळणावर मागच्या बाजूला पापण्यांसारखे बारीक फास दिसतात. सरळ भागात टाका अगदी नीट! प्रेसर फूट वर करून दोरा पुन्हा ओवला, ९०/१४ नंबरची नवी सुई लावली, बॉबिन केसमधला कापसाचा भुगा काढला. वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) वाढवलं, तर आता दोराच तुटतोय. वळताना हात जास्त वेगाने फिरून सुई वाकत असेल का? की टेबलावरून लोंबणारी गोधडी कापड मागे ओढतेय? एवढं सगळं उसवायला जीव होत नाही. कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.