स्ट्रीट फायटरची रंगीत अक्षरे: टायटल स्क्रीनवरून आवृत्ती ओळखता येईल का?

टिळकरस्ता
नव्वदच्या दशकात टिळक रस्त्यामागच्या एका गल्लीत व्हिडिओ गेम पार्लर होते आणि शाळा सुटल्यावर मी व माझा मामेभाऊ तिथे 'स्ट्रीट फायटर टू' खेळत असू. टोकनचे पैसे संपले की मशीनसमोर उभे राहून नुसती टायटल स्क्रीन पाहायची: बघ्यांच्या गर्दीत दोघे मारामारी करत आहेत, एक ठोसा बसतो, मग चित्र उंच इमारतीवरून वर वर सरकते आणि शेवटी खेळाचे नाव झळकते. ते नाव मला इंद्रधनुष्यासारख्या रंगीत अक्षरांत आठवते. मामेभावाच्या मते हे रंग माझ्या मनाचे आहेत. शिवाय एवढ्या मारामारीला आवाज कसा तो नसे. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

तपकीरगल्ली
तुमची आठवण चुकीची वाटत नाही. १९९१च्या मूळ खेळात नावाखाली 'द वर्ल्ड वॉरियर' असे असते आणि १९९२च्या आवृत्तीत 'चॅम्पियन एडिशन'. या दुसऱ्या आवृत्तीत फेरफार करून जे नकली बोर्ड (मशीनमधली खेळाची सर्किटे) बाजारात आले, त्यांतल्या एकाला त्याच्या रंगीबेरंगी नावामुळेच 'रेनबो एडिशन' म्हणतात. खात्री करायची असेल तर एवढेच आठवून पाहा: हवेत उडी मारलेली असताना हाडोकेन (हातांतून फेकला जाणारा ऊर्जेचा गोळा) सुटत असे का, आणि चालू लढतीत स्टार्टचे बटण दाबल्यावर पडद्यावरचा खेळाडू बदलत असे का? अशा बोर्डांनी अमेरिकेतल्या पार्लरांत इतका धुमाकूळ घातला की त्यावर उतारा म्हणून हा खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीला त्याच वर्षी वेग वाढवलेली 'हायपर फायटिंग' आवृत्ती काढावी लागली. (सुरुवातीला मारामारी करणारे ते दोघे, गंमत म्हणजे, खेळात निवडताच येत नाहीत.)

जुनाबोर्ड
आवाजाचे कारण अगदी साधे आहे. बोर्डावर छोट्या खटक्यांची एक पट्टी असते. खेळ किती अवघड ठेवायचा, हरल्यावर पुढे चालू ठेवू द्यायचे की नाही, अशा गोष्टी त्यावरून ठरतात आणि त्यांतलाच एक खटका कोणी खेळत नसतानाचा आवाज बंद करतो. गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी कंपनीने तो आवाज दिलेला असला, तरी एका खोलीत सहा मशीन दिवसभर कोकलू लागली तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाने काय करावे?

टिळकरस्ता
दोघांचेही आभार. एक शंका उरते: खेळातला रियू थेट आपल्याकडे तोंड करून हाडोकेन सोडतो, अशीही सुरुवात मला आठवते. ती कोणती?

तपकीरगल्ली
ती १९९३च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू'ची. तिच्यात खेळाडू बारावरून सोळा झाले. ती सीपीएस-२ या नव्या बोर्डावर आली आणि त्यातला प्रोग्रॅम सांकेतिक स्वरूपात साठवलेला असल्यामुळे तिच्यात असे फेरफार करणे सोपे राहिले नाही. त्यामुळे ही दोन चित्रे निश्चितच वेगवेगळ्या मशीनवरची आहेत.

टिळकरस्ता
आताच मामेभावाला फोन केला. अक्षरांचे रंग त्याला अजूनही मान्य नाहीत, पण स्टार्ट दाबून ऐन लढतीत खेळाडू बदलल्याचे त्याने स्वतःहून कबूल केले. मी त्याला तेव्हा रडीचा डाव म्हणत असे.