गादी चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, मग दाब पाचव्या नसेवर कसा?

पायवाट:
नमस्कार मंडळी, जरा शरीररचना कळणाऱ्या कुणीतरी समजावून सांगा प्लीज. दीड महिना झाला, डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट अंगठ्यापर्यंत ठणकतोय, पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. कंबर आधी दुखत होती पण आता ती जवळजवळ शांत आहे, सगळं दुखणं पायात उतरलंय. एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये लिहिलंय की एल४-एल५ ची (म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) गादी मागे डावीकडे बाहेर आली आहे आणि एल५ च्या 'ट्रॅव्हर्सिंग रूट'वर दाब आहे. आता मी चित्रं बघितली त्यात तर चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधल्या भोकातून चौथी नस बाहेर पडते असं दाखवलंय. मग गादी त्याच दोघांमधली असताना दाबली पाचवी कशी गेली? रिपोर्ट टाइप करताना चूक झाली असेल का? डॉक्टरांनी औषधं आणि फिजिओ दिलंय, तीन आठवड्यांनी परत बोलावलंय, उपचार विचारत नाहीये, फक्त आत नेमकं काय झालंय ते मला कळून घ्यायचंय, कारण न कळता पाय हलवायचीसुद्धा भीती वाटते.

कण्हेर:
पायवाट ताई, रिपोर्ट अगदी बरोबर आहे आणि तुमची शंकाही. मी फिजिओथेरपी शिकवते, पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी नेमकी इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली येणारी ती जाड दोरी, मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत ती कण्याच्या नळीभर पुरते, पण नंतर हाडं भराभर वाढतात आणि दोरी मागे पडते, जन्माच्या वेळी तिचं टोक साधारण तिसऱ्या मणक्यापाशी असतं. पण प्रत्येक नसेचं बाहेर पडायचं भोक आधीच ठरलेलं, ते भोक हाडाबरोबर खाली गेलं, त्यामुळे खालच्या नसांना आपापल्या भोकापर्यंत लांबच लांब खाली उतरत जावं लागतं. तो सगळा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून लॅटिनमध्ये त्याचं नावच तसं आहे, कौडा इक्विना. (नस म्हणजे इथे मज्जातंतू बरं का, रक्ताची नाही.) पाठीतून पाणी काढतात किंवा कंबरेत भुलीचं इंजेक्शन देतात ते याच भागात, कारण तिथे दोरी नसते, सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात आणि सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात.

आता तुमची चौथी नस. मणक्याच्या मागच्या कमानीला पुढच्या गोल भागाशी जोडणारे दोन छोटे खांब असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. चौथी नस चौथ्या मणक्याच्या खांबाला खालून चिकटूनच बाहेर पडते, म्हणजे भोकाच्या अगदी वरच्या कोपऱ्यातून. आणि गादी कुठे असते? त्याच भोकाच्या खालच्या अर्ध्या भागासमोर. म्हणजे चौथी नस गादीच्या पातळीला यायच्या आधीच बाहेर निसटलेली असते. पाचवी मात्र अजून नळीतच आहे, तिला एक मजला खाली बाहेर पडायचंय म्हणून ती आधीच कडेला येऊन नेमकी त्या गादीच्या मागच्या कोपऱ्यावरून खाली चाललेली असते. हायवेवर पाचव्या फाट्याला वळणारी गाडी कशी आधीच कडेच्या लेनला येते, चौथ्या फाट्याची गाडी कधीच वळून गेलेली असते, आणि दरड कोसळते ती दोन्ही फाट्यांच्या मध्ये कडेच्या लेनवर. अडकणार कोण? पाचवीच. 'ट्रॅव्हर्सिंग' म्हणजे ही नुसती ओलांडून जाणारी नस.

अपवाद आहे. गादी खूपच बाहेरच्या बाजूला, भोकातच किंवा त्याच्या पलीकडे फुगली तर चौथी सापडते, पण मग दुखणं मांडीच्या पुढे आणि नडगीच्या आतल्या अंगाला येतं. तुमचं वर्णन पाचवीचंच आहे.

जुनी_वही:
मलापण हेच झालं होतं, गादी सरकली होती. ताई घाबरू नका, माझी आपोआप जागेवर बसली.

कण्हेर:
जुनी_वही, तुम्हाला बरं वाटलं हे फार छान, पण 'गादी सरकली' या शब्दाने लोक फार घाबरतात म्हणून सांगते, गादी जागेवरून सरकत नाही हो. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. बाहेरचं कडं १५ ते २५ थरांचं, प्रत्येक थरातले धागे तिरपे आणि लागोपाठच्या थरांत उलटसुलट दिशेने, आणि मधोमध पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा गाभा. कड्याचे थर फाटत गेले की गाभा त्या चिरेतून बाहेर ढकलला जातो. तो सहसा मागे आणि बाजूलाच का जातो तर नळीच्या पुढच्या भिंतीवरून एक लांब अस्थिबंध खाली येतो, तो कंबरेत खाली खाली अरुंद होत जातो, मधोमध आधार देतो पण दोन्ही कडा उघड्या राहतात. आणि कडेलाच आपली ती पाचवी नस. बाहेर आलेला तुकडा परत आत बसत नाही, शरीरातल्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. तुमचंही तसंच झालं असण्याची शक्यता जास्त.

पायवाट:
कण्हेर ताई, फाट्याचं उदाहरण वाचलं आणि एकदम लख्ख कळलं, मनापासून आभार! अजून दोन विचारू का, कंबर शांत झाली आणि पाय पेटला हे उलटंच नाही का? आणि शिंक आली की पायात वीज चमकावी तशी कळ जाते, ते का?

कण्हेर:
विचारा की. गादीला स्वतःला जाणीव फक्त कड्याच्या बाहेरच्या थरांत असते, आत नसा नाहीत, मोठ्या माणसात रक्तवाहिन्याही नाहीत, सगळं पोषण वरच्या-खालच्या हाडातून झिरपत येतं. कडं ताणलं जातं, फाटतं तेव्हा कंबर दुखते. पूर्ण फाटून गाभा बाहेर आला की कड्यावरचा ताण पुष्कळदा उतरतो, कंबर निवते. पण आता गाभा नसेला टेकतो आणि त्यातली रसायनं नसेला सुजवतात, नुसता दाब नसतो तो. सुजलेली नस मग जिथली जाणीव ती आणते तिथेच दुखणं दाखवते, म्हणून अंगठा. शिंकताना, खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढतो, त्याबरोबर नळीतला आणि गादीतलाही वाढतो, आणि सुजलेल्या नसेला तो क्षणभरही सोसत नाही.

घरी एक बघा, दुखेपर्यंत अजिबात नाही. खुर्चीवर बसून दोन्ही पायांचे अंगठे वर उचला आणि कुणाला तरी हाताच्या बोटाने ते एकाच वेळी खाली दाबायला सांगा. अंगठा वर उचलायचं काम मुख्यतः पाचवीचं. डावा लवकर खाली गेला तर डॉक्टरांना तीन आठवडे न थांबता कळवा. आणि हे मात्र नीट लक्षात ठेवा, जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, किंवा दोन्ही पाय लुळे वाटू लागले तर त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचं, रात्र असली तरी. तेव्हा तो सगळा शेपटीचा जुडगाच दाबला जात असतो आणि तासातासाला नुकसान होतं.

धुकं_दाट:
माझा अनुभव जरा वेगळा आहे पण याच धाग्यात बसतो. मला पहिल्या रिपोर्टमध्ये एल४-एल५ लिहिलं होतं आणि वर्षभराने दुसरीकडे केलेल्यात एल५-एस१, म्हणजे एक मजला खालची, मी हादरलोच की आता दुसरीही गादी गेली. गादी तीच होती! माझा कंबरेचा सगळ्यात खालचा मणका एका बाजूने त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्या त्रिकोणी हाडाला, जन्मापासून जोडलेला आहे. एकाने तो कंबरेत धरला, दुसऱ्याने खालच्या हाडात. पुस्तकात कंबरेचे ५ मणके असतात, त्रिकास्थीचे ५ एकमेकांत मिसळून एक हाड होतं आणि माकडहाडाचे बहुधा ४, पण बऱ्याच लोकांत या सांध्यावर एक मणका इकडे किंवा तिकडे झुकलेला असतो. शेवटी सर्जननी अख्ख्या कण्याचा फोटो काढून मानेपासून खाली मोजत मोजत आणलं तेव्हा नक्की झालं. ऑपरेशन ठरलं असेल तर हा प्रश्न जरूर विचारा, नाहीतर एका मजल्याचा घोळ होऊ शकतो.

कण्हेर:
फार मोलाचं लिहिलंत. स्वतःला अंदाज घ्यायचा तर दोन्ही हात कमरेवर ठेवा, बाजूच्या हाडांचा वरचा काठ बोटांना लागेल, तिथून अंगठे आडवे मागे नेले की जिथे भेटतात तो साधारण चौथा मणका. पाठीत सुई देताना भूलतज्ज्ञ हीच रेषा धरतात.

आणि पायवाट ताई, रिपोर्टमध्ये खाली 'इतर गाद्याही थोड्या फुगलेल्या' असं काही असेल तर ते वाचून झोप घालवू नका. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, अजिबात पाठदुखी नसलेल्या लोकांचे स्कॅन त्यात पाहिले, तर विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्के. चित्रातलं आणि पायातलं जुळलं तरच त्या चित्राला अर्थ. तुमचं जुळतंय, एवढ्या एकाच पातळीचं.

पायवाट:
आत्ता बहिणीकडून अंगठे दाबून घेतले. उजवा हलला नाही, डावा पहिल्यांदा टिकला पण तिसऱ्या-चौथ्या वेळी खाली गेला, आणि टाचेवर चालताना डाव्या पावलाचा पुढचा भाग जरासा आपटतो, हे मला आजवर जाणवलंच नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तुमची चौथी-पाचवी नस आणि तो फाटा काढून ठेवलाय, तोही घेऊन जाते.